शेजारी कोण? : पंडिता रमाबाईंच्या दयाधर्माविषयी थोडेसे

ख्रिस्ती दयाधर्माचा विषय निघाला की आपल्या घरांतील बोलणे बहुधा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. कोणी मिशनच्या दवाखान्यात वाचलेल्या आप्ताची हकीकत सांगतो. कोणी 'त्यामागचा हेतू निराळा होता' असे म्हणून मान हलवितो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि म्हणूनच संभाषण तेथेच अडते. आम्हांस या विषयाकडे एका मराठी स्त्रीच्या आयुष्यातून पाहावेसे वाटले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या एका टोकाला भाकरीचा तुकडा मागून घेतला होता आणि दुसऱ्या टोकाला हजारो उपाशी मुलींना पोटाशी धरले होते. घेणे आणि देणे या दोहोंचा असा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

ख्रिस्ताच्या शिकवणीतील दयेची ओळख सामान्यतः ज्या कथेने होते ती लूकच्या शुभवर्तमानात आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे हे धर्मशास्त्राच्या एका जाणकाराला ठाऊक होते. त्याची अडचण पुढची होती. शेजारी म्हणावे कोणाला? उत्तरादाखल येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक आला आणि बाजूने निघून गेला; लेवीही तसाच गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवीत नसत अशा समाजातला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेऊन रात्रभर शुश्रूषा केली आणि निघताना दोन दीनार मालकाच्या हाती ठेवले. गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्नच उलटा केला : या तिघांपैकी त्या घायाळाचा शेजारी कोण ठरला? मदत कोणाला करावी याची यादी मागणाऱ्याला यादी मिळाली नाही. शेजारी ही ज्याला मिळते त्याची पदवी नसून जो थांबतो त्याची आहे, असा तो उत्तराचा रोख होता.

या कथेची आठवण ठेवून रमाबाईंच्या तरुणपणाकडे वळू. त्यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, या गोष्टीचा त्यांना त्रासही झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचे हाल झाले, गाठीचा पैसा संपला आणि विद्वान ब्राह्मणाला भीक मागणे किंवा मजुरी करणे सुचेना. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे दुष्काळाच्या आठवणी लिहिताना नोंदविला आहे. तापाने क्षीण झालेल्या आईला काहीतरी खावेसे वाटले. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द निघेना. त्या बाईनेच मुद्रेवरून ओळखले आणि काही खायला हवे का म्हणून विचारले. बाजरीच्या भाकरीचा लहानसा तुकडा मिळाला. तो घेऊन मुलगी धावत घरी आली. आईला मात्र तो खाता आला नाही, तेवढे त्राणच उरले नव्हते.

ख्रिस्ती दयेच्या लेखात हा प्रसंग आम्ही मुद्दाम घातला आहे. ती शेजारीण हिंदू होती. लूकमधील कथेच्या कसोटीने पाहिले तर शेजारधर्म तिने पुरता पाळला, आणि तोही मागणाऱ्याला तोंड उघडावे लागू न देता.

पुढची काही वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत, कारण ती सर्वांस परिचित आहेत. बंधू श्रीनिवास यांच्यासह भ्रमण, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमा, १८८२ मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहू लागल्या.

या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले काम पाहावयास पाठविले. तेथे समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना आसरा दिला जाई. त्या स्त्रियांपैकी काही सुधारल्यानंतर स्वतःच इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाई चकित झाल्या. धर्मशास्त्राचे अध्ययन झालेल्या त्या. मनुस्मृतीत पतीशी प्रतारणा करणाऱ्या स्त्रीला राजाने चव्हाट्यावर कुत्र्यांकडून फाडवावे असे शासन सांगितले आहे, हे त्यांना मुखोद्गत होते. अशा स्त्रीशी ममतेने वागणे हे धर्माचेच काम असू शकते, हे त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? एका भगिनीने उत्तरादाखल योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला.

त्या अध्यायातही शोमरोनीच आहे, या वेळी स्त्री. भर दुपारी ती एकटी याकोबाच्या विहिरीवर येते. पाच नवरे झालेली, सध्या ज्याच्यापाशी राहते तो तिचा नवरा नव्हे. थकलेला येशू विहिरीपाशी बसला आहे आणि तो तिच्याजवळ पाणी मागतो. ती आश्चर्याने विचारते, तू यहुदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागतोस?

याचा अर्थ युरोपातील वाचकाला टीपा वाचून समजून घ्यावा लागत असेल. आपल्याला लागत नाही. आमच्या पिढीने जुन्या वाड्यांच्या पडवीत निराळा ठेवलेला तांब्या पाहिला आहे, आणि ओंजळीत उंचावरून धरलेली पाण्याची धारही पाहिली आहे. येथे धार उलटी आहे. ज्याला उपदेश करावयाचा आहे तो आधी याचक होतो, तिच्या भांड्यातले पाणी मागतो, मग बोलणे सुरू होते. ख्रिस्ती दयेचे वैशिष्ट्य कोणी आम्हांस विचारले तर देणग्या आणि दवाखाने यांच्या आधी आम्ही या मागण्याकडे बोट दाखवू. दान आपल्याकडेही उदंड होते. अहिल्याबाई होळकरांनी इंदूर-महेश्वराबाहेर, साऱ्या देशभर घाट आणि अन्नछत्रे उभारली. गुप्तदानाची थोरवी आपण जाणतो, आणि डाव्या हाताला उजव्याचे कळू नये ही ख्रिस्ताची शिकवण आपल्याला परकी वाटत नाही. पण देणाऱ्याने खाली बसून घेणाऱ्याकडे काही मागावे, याला आपल्या चालीरीतींत जागा थोडी होती.

थोडी होती, मुळीच नव्हती असे नाही. हिंदू शास्त्रांत पतितांविषयी दयाच नाही असा रमाबाईंनी पुढे काढलेला निष्कर्ष आम्हांस पूर्णपणे मान्य होत नाही. तहानलेल्या गाढवाच्या मुखात काशीची कावड रिती करणाऱ्या एकनाथांची कथा आपण मुलांना सांगत आलो आहोत. आणि ख्रिस्ती सत्तांनी शोमरोन्याची कथा नेहमीच ध्यानात ठेवली असेही नाही. गोव्यातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. तेथे रोगी व अनाथांची काळजी वाहणारी मिझेरिकॉर्दिया आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, चाललेले इन्क्विझिशन एकाच नगरात नांदत होते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ज्यांचे अन्न खाल्ले त्यांची मते निमूट स्वीकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार करून वाद घातला, शाकाहार सोडला नाही, आणि आपली विवेकबुद्धी आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही असे स्पष्ट कळविले. उपकार झाले म्हणून मन गहाण पडत नाही, ही त्यांची भूमिका पुढच्या भागासाठी वाचकांनी लक्षात ठेवावी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साह्य देण्याचे मान्य केले होते, आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या उघड्या दाराविषयी आजही दोन मते होऊ शकतात. आमचे मत असे की दार उघडे ठेवणारीला ते कशासाठी उघडे आहे हे ठाऊक होते. तसेच त्या मुलींना दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते, याची जबाबदारी दाराबाहेर ओरडणाऱ्यांवर होती. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका घरच्या उपकाराने दुसरे घर बांधले जाते ते असे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे ते दिवस आठवले आणि त्या निघाल्या. सरकारी मदत छावण्यांत आणि अन्नगृहांत त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसे पाहिली, पण त्याहून अधिक भयंकर असे एक दृश्य त्यांच्या नजरेला पडले : निराधार तरुण मुलींना हेरून नेणारे दलाल. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी बरोबर आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगावच्या शेतात झोपड्या उभारल्या. तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात, वडोद्याकडील जुन्या घरांत ज्याला 'छप्पनियो' म्हणत त्या संकटात, गुजरातेतून आणखी मुली आल्या, आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, हातमाग, तेलघाणी, दुभती जनावरे, छापखाना असे सारे उभे राहिले. मनोरमाबाई अंधांची लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींचा वर्ग सुरू झाला. 'पतित' स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅम येथे पाहिलेले घर केडगावात आले.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. दहा वर्षांचा करार संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. १९०५ च्या धर्मजागृतीत मुक्तीतील मुलींच्या प्रार्थनांचा बोलबाला परदेशांपर्यंत गेला, आणि बाप्तिस्मे पुष्कळ झाले. उपासमारीतून उचलून आणलेल्या बारा वर्षांच्या मुलीला 'नाही' म्हणण्याची किती मोकळीक होती? वाँटेजच्या भगिनींना पंचविशीतल्या विदुषी रमाबाई नाही म्हणू शकल्या. त्यांच्या पाठीशी शास्त्राध्ययन होते, नावलौकिक होता. केडगावच्या मुलीपाशी यांतले काही नव्हते. येथे रमाबाईंचे वर्तन त्यांनीच स्वतःसाठी मागितलेल्या मापाला पुरे उतरत नाही, असे आम्हांस वाटते. आणि त्याच श्वासात हेही लिहिले पाहिजे की लूकमधील त्या वाटेवरून त्या वर्षी मध्य प्रांतातील पुष्कळ सधन माणसे, आमच्या तुमच्या पूर्वजांतलीही काही असतील, गाडीचा पडदा न सारता गेली असतील. दलालाची बैलगाडी मात्र थांबत होती.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित बायांना समजेल अशी साधी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. खिळे जुळविणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाई काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी याकोबाच्या विहिरीचा तो अध्यायही त्यात जुळविला गेला. बाजरीची भाकरी देणाऱ्या शेजारणीचे नाव मात्र रमाबाईंनी कोठे लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.