खंदकातील पाय : शीतविकारांच्या प्रतिबंधाचा एक अध्याय

कडाक्याच्या, विशेषतः दमट थंडीत हातापायांच्या बोटांवर लालसर-जांभळी, खाजणारी व दाहक सूज येते. ‘चिलब्लेन’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार सामान्यतः काही आठवड्यांत बरा होतो. त्याहून गंभीर असा ‘खंदकपाद’ हा विकार पाय दीर्घकाळ थंड ओलाव्यात राहिल्याने जडतो. आणि पेशीजाल प्रत्यक्ष गोठले म्हणजे त्यास हिमदंश म्हणतात. हे तीन विकार परस्परांहून भिन्न आहेत, ही जाणीव वैद्यकास फार उशिरा झाली. त्या विलंबाची किंमत प्रामुख्याने सैनिकांनी मोजली.

१८१२ मध्ये मॉस्कोहून परतणाऱ्या नेपोलियनच्या सैन्याचा शल्यवैद्य लारे याने, गारठलेले अवयव शेकोटीजवळ धरणाऱ्यांचे अवयव सडतात, असे निरीक्षण नोंदविले. निरीक्षण मोलाचे होते. परंतु त्यावरून निघालेला, अवयव बर्फाने चोळण्याचा उपाय अपायकारक ठरला. तरीही तो शतकाहून अधिक काळ टिकून राहिला.

१९१४ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या सखल भूमीवर या प्रश्नाने नवे रूप धारण केले. खंदकांत गुडघाभर पाणी साचे. सैनिकांना त्यातच तासन् तास उभे राहावे लागे. बूट ओले आणि पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या आवळलेल्या असत. सप्टेंबरअखेर मार्सेयला उतरलेल्या हिंदी सैन्यदलासही हाच अनुभव आला. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड माइनर्सच्या २० व्या व २१ व्या तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या हल्ल्यात लढल्या. या पलटणीत मराठा सैनिकांचाही भरणा होता. हिंदी शिपायास युरोपची थंडी मानवत नाही, असे स्पष्टीकरण त्या काळी सहज दिले जाई. परंतु त्याच हिवाळ्यात सुमारे २०,००० ब्रिटिश सैनिकांवरही याच विकारासाठी उपचार करावे लागले. तेव्हा दोष शिपायाच्या वंशात नसून खंदकाच्या स्थितीत होता, हे उघड आहे.

आरंभी या रोगाची नोंद ‘हिमदंश’ म्हणूनच होत असे. वस्तुतः तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही तो होत होता. १९१५ मध्ये एडिनबरोचे विकृतिशास्त्रज्ञ लोरेन स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी प्रायोगिक निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेकडे लक्ष वेधले. उपाययोजना मात्र अगदी साधी होती : खंदकांत फळ्यांच्या वाटा टाकणे, पाणी उपसणे, तुकड्यांची पाळी लवकर बदलणे, रोज कोरडे मोजे पुरविणे, बूट सैल ठेवणे आणि सैनिकांनी जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासून त्यांना देवमाशाचे तेल चोळणे. तेलापेक्षा, त्यासाठी रोज बूट उतरवून पाय पुसले व पाहिले जात, यातच बहुधा अधिक लाभ असावा.

या पद्धतीचे एक अंग विचारार्ह आहे. खंदकपाद हा केवळ रोग न राहता शिस्तीचा प्रश्न बनला. एखाद्या तुकडीत रुग्ण वाढले की तिच्या अधिकाऱ्यास जाब विचारला जाई. त्यामुळे देखरेख वाढली, हे खरे. पण ज्यास कोरडे मोजे मिळालेच नाहीत, त्या सैनिकावरही निष्काळजीपणाचा संशय येऊ लागला. मोजे पुरविणे ही शासनाची जबाबदारी आणि ते बदलणे ही सैनिकाची. यांपैकी पहिली पार पडल्यावाचून दुसरीचा आग्रह न्याय्य ठरत नाही.

हा धडा पुढे विस्मृतीत गेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपातील अमेरिकन सैन्यात शीतविकारांचे सुमारे ४५,००० रुग्ण झाले. ब्रिटिश सैन्यात मात्र हे प्रमाण पुष्कळच कमी राहिले. पूर्वानुभव उपलब्ध होता, पण पादत्राणे व मोजे यांचा पुरवठा त्यास अनुसरून झाला नव्हता.

आजचे उपचारशास्त्र या तिन्ही विकारांत स्पष्ट भेद करते. गोठलेला अवयव, तो पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेव्हाच, कोमट पाण्यात त्वरेने उबवितात. खंदकपादात पाय कोरडे व उंच ठेवून त्यांना हळूहळू ऊब येऊ देतात. चिलब्लेनमध्ये शेक टाळून सावकाश ऊब देणे आणि न खाजविणे इष्ट मानतात. तिन्हींचा प्रतिबंध मात्र समान आहे : ऊब, कोरडेपणा व सैल पादत्राण. शीतविकारांच्या या इतिहासात ज्ञानाची उणीव जितकी दिसते, तितकीच ते ज्ञान वेळेवर खंदकापर्यंत पोचविणाऱ्या व्यवस्थेची उणीवही दिसून येते.