गवताचा माळ विकायला काढला, त्याची नोंद

आज पिकाची नोंद नाही, कागदाची आहे. पोलादपूरकडचा आमचा गवताचा माळ विकायचं ठरलंय. पाच एकर, नऊ हिस्सेदार, त्यातले सात मुंबईला. सही करण्याआधी जुने फेरफार काढून बसलो. त्यातून जे उमगलं ते लिहितो.

घाटावरच्या मित्रांना आधी सांगायला हवं. आमच्याकडे भाताच्या खाचरावरची जी उताराची जमीन, ती वरकस. दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची, मग तिला विसावा द्यायचा आणि गवत राखायचं. परका माणूस बघतो आणि म्हणतो, पडीक आहे. पण राब भाजायला गवत, पातेरा, कवळ सगळं या माळावरून खाली यायचं. खाचरातल्या रोपाचं खत माळावर उगवायचं म्हणा ना! कुळकायद्यातली शेतीची व्याख्या वाचा. गवत वाढवणं आणि राबासाठी जमीन वापरणं, दोन्ही तिच्यात आहे. नुसती लाकूडतोड मात्र नाही. ज्याने हे घातलं त्याला कोकण ठाऊक होतं.

माळ मुळात आमचा नव्हता, खोताचा होता. आजोबा कूळ. नाचणीचा वाटा खोताकडे पोचवायचा, वर वेठ. याच कोलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 साली संप केला आणि सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. ते तेव्हा पास झालं नाही. खोती बंदीचा कायदा आला तो 1949 चा. त्याच्या आधीच्या वर्षी कुळकायदा, आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारा कूळ कायद्याने मालक झाला. किंमत आकाराच्या 20 ते 200 पट, हप्त्यांनी. आजोबांनी ते हप्ते गवत विकून फेडले, असं आत्या सांगते. दिवाळीनंतर कापणी, पेंड्या बांधायच्या, हजारावर भाव ठरायचा.

गवताला तेव्हा गिऱ्हाईक होतं. प्रत्येक दारात बैलजोडी, शिवाय दूधवाले. आज आमच्या वाडीत एक जोडी उरलीय. पॉवर टिलर आला, पोरं मुंबईला गेली, मिलच्या 1982 च्या संपानंतर काही परत आली पण गुरं परत आली नाहीत. माळ राखायला कुणी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो, चांगलं गवत जातं आणि कुसळी तेवढी माजते. कापायची मजुरी गवताच्या भावापेक्षा जास्त. मी तीन वर्षं हिशेब मांडून बघितला, तिन्ही वर्षं तोटा. म्हणून मुंबईच्या भावांना दोष देत नाही.

आता कागदाचं. कुळाने घेतलेल्या जमिनीवर कलम 43 चा शेरा असतो, विक्रीला परवानगी लागायची. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या 40 पट रक्कम भरून मोकळीक मिळते. घेणारा मात्र शेतकरी हवा. आमच्या माळाचा आकार साडेतीन रुपये. चाळीस पट म्हणजे 140 रुपये. आजोबांनी हप्त्याहप्त्याने सोडवलेला माळ 140 रुपयांत मोकळा झाला. हे बघून थोडा वेळ गप्पच बसलो.

एजंट म्हणतो, चौपदरी हायवे झाला, कशेडीचा बोगदा झाला, आता दर आहे. घेणारा वर सपाटी करून घर बांधणार. मला भीती तिथेच आहे. 25 जुलै 2005 ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. 22 जुलै 2021 ला तळिये, आणि आमच्या तालुक्यात केवनाळे, सुतारवाडी. उतारावर जेसीबी लावून पायथा तोडला किंवा पाण्याची वाट बुजवली, तर मुरलेलं पाणी जाणार कुठे? आमच्या माळाच्या खाली अकरा घरं आहेत. त्यात एक आमचं.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "इकतायस तर इक, पण पऱ्या त्याला दाखव."

गेल्या रविवारी घेणाऱ्याला पऱ्यावर नेलं. उन्हाळ्यात कोरडा असतो, त्याला वाटलं खड्डा आहे. मग खरेदीखतात दोन ओळी घालायला सांगितल्या: पऱ्याचं पात्र बुजवायचं नाही, आणि ढोरांची वाट अडवायची नाही. एजंट हसला, "ढोरं कुठायत आता?" मी म्हटलं, तरी लिही. पैसे कमी दिले तरी चालतील, असं भावांनाही फोनवर सांगून टाकलंय. दोघांनी होकार दिला, बाकीचे विचार करतायत.

मसुदा त्याच्या वकिलाकडे गेलाय. चार दिवस झाले, अजून परत आलेला नाही.