छद्दंत जातक : अजिंठ्यात दोन वेळा रंगवलेली हत्तीची कथा

१/ पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांतील अनेक कथांत बोधिसत्त्व हत्ती, माकड, हरिण वा ससा होऊन येतो. बालवाचनात अशा प्रत्येक कथेखाली एका ओळीचे तात्पर्य असते. छद्दंत जातक मात्र एका ओळीत मावत नाही. #धागा

२/ छद्दंत हा हिमालयातील गजराज. महासुभद्दा आणि चुल्लसुभद्दा या त्याच्या दोन राण्या. एकदा त्याने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली. वारा असा होता की एकीवर फुले पडली आणि दुसरीवर वाळक्या काटक्या व तांबड्या मुंग्या. हेतू काहीच नव्हता. पण चुल्लसुभद्देच्या मनात अढी बसली.

३/ पुढच्या जन्मी ती वाराणसीची राणी झाली. छद्दंताचे सुळे आणण्यासाठी तिने सोणुत्तर नावाचा व्याध धाडला. काषाय वस्त्र पांघरून तो खड्ड्यात दबा धरून बसला आणि त्याने विषारी बाण सोडला.

४/ हत्ती त्याला सहज चिरडू शकला असता. पण भिक्षूचे वस्त्र दिसताच त्याने क्रोध आवरला. व्याधाला सुळे कापता येईनात, तेव्हा सोंडेत करवत धरून त्याने ते स्वतःच कापून दिले.

५/ येथवर ही क्षमेची कथा आहे. परंतु सुळे समोर येताच राणीला पूर्वजन्मीचा पती आठवला आणि त्याच दिवशी शोकाने तिचे हृदय फुटले. सूड पूर्ण झाला, तो भोगायला मात्र कोणी उरले नाही.

६/ अजिंठ्याच्या लेणे क्र. १० या चैत्यगृहात ही कथा इसवी सनापूर्वी रंगवली गेली. पाचशेहून अधिक वर्षांनी, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, त्याच्या एका मांडलिकाने कोरविलेल्या लेणे क्र. १७ मध्ये ती पुन्हा आली. शैली बदलली, राजवटी बदलल्या. सुळे पाहून कोसळणारी राणी दोन्ही ठिकाणी आहे.

७/ म्हणजेच चित्रकारांना केवळ हत्तीचा त्याग सांगायचा नव्हता. अन्याय करणाऱ्याच्या मनात काय घडते, हेही त्यांना दाखवायचे होते.

८/ जातकाची चौकट हेच सांगते. श्रावस्तीत धर्मश्रवणाला बसलेल्या एका तरुण भिक्षुणीला पूर्वजन्म आठवतो. आपण बुद्धांची पत्नी होतो, या आठवणीने ती आधी हसते. आपणच त्यांचा घात करविला, हे स्मरताच रडू लागते. तेव्हा बुद्ध ही कथा सांगतात. तीच चुल्लसुभद्दा होती आणि छद्दंत ते स्वतः.

९/ त्या भिक्षुणीला संघातून कोणी घालवले नाही. पुढे ती अर्हत्पदाला पोहोचली. हत्तीने क्षमा केली, एवढ्यावर जातक थांबत नाही; जिने घात केला, तिच्यासाठीही ते मार्ग मोकळा ठेवते.