कोयनेचा लोलक

माबेलातल्या घरी जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून मुलीने मला एक गंमत दाखवली. टेबलाला टिचकी मारली की पडद्यावरची सरळ रेघ उसळायची. "बाबा, यात भूकंपमापक आहे!" अगदीच खोटे नव्हते ते. मला मात्र त्या रेघेवरून कोयना आठवली.

सातारा-कराडकडच्या मंडळींना ११ डिसेंबर १९६७ ही तारीख वेगळी सांगायला नको. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे गेली. माझे आजोळ पाटणचे. पुढे कित्येक वर्षे फडताळातली भांडी वाजली की आजी दचकून उठे. धरणाच्या १०३ मीटर उंच भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली. तिच्या पोटातल्या गॅलरीत एआर-२४० जातीचे त्वरणमापक यंत्र होते. त्याने टिपलेला सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता. जगभरचे धरण-अभियंते आपली गणिते आजही या नोंदीवर पडताळून पाहतात.

हे यंत्र एरवी झोपलेले असे. फोटोचा कागद रात्रंदिवस सरकवत ठेवला असता तर कागदही संपला असता आणि बॅटरीही. म्हणून जोडीला एक छोटा लोलक. जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की तो विजेचा संपर्क जोडी आणि यंत्र जागे होई. पहिल्या हालचालीचा तुकडा निसटे, एवढीच खोट. मला तर मोठ्या यंत्रापेक्षा या लोलकाचेच कौतुक जास्त. जागे व्हायचे की नाही हा निर्णय तो बिनविजेचा घेई!

मोबाइलमध्ये आहे तेही तसेच वजन, फक्त केसाहून बारीक पट्ट्यांवर टांगलेले आणि सिलिकॉनचे. सिलिकॉन ताणले की त्याचा विद्युतरोध बराच बदलतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉन हे यंत्रे घडवण्याचेही साहित्य आहे, असे एका गाजलेल्या लेखात मांडले. नव्वदीच्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी असे संवेदक भराभर बनू लागले.

पण अडचण कोयनेचीच. एका धरणावर असे हजार संवेदक बसवले, तर बॅटऱ्या बदलत कोण फिरणार? एक उपाय म्हणजे कंपनातूनच वीज काढणे. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवले होते. सतत थरथरणाऱ्या पंपावर हे जमते. वर्षानुवर्षे शांत असलेल्या भिंतीवर मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही. दुसरा उपाय लोलकाच्या जातीचा: विचार संवेदकातच व्हावा, मोठ्या चिपला उगीच उठवू नये. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कंप पावणाऱ्या एकाच सिलिकॉन पट्टीकडून अशी गणना करून घेतली. शब्दांचे उच्चार ओळखण्यापर्यंत तिची मजल गेली.

मुलगी सगळे ऐकत होती. तेवढ्यात बाहेरून एक ट्रक गेला आणि रेघ पुन्हा हलली. "मग बाबा, कोयनेच्या लोलकाला ट्रक कुठला आणि भूकंप कुठला, ते कळायचं का?"

नाही कळायचे. या पट्ट्यांना आता नेमके तेच शिकवणे चालले आहे.