कृत्रिम गर्भाशय
अकाली जन्मलेल्या गर्भाची वाढ शरीराबाहेर, गर्भजलसदृश द्रवात चालू ठेवणारी प्रायोगिक यंत्रणा. मानवी गर्भ २३–२४ आठवड्यांचा असताना जन्मला, तर त्याची फुप्फुसे हवेत श्वास घेण्याजोगी झालेली नसतात. व्हेंटिलेटरने जीव वाचला तरी त्यांना इजा होण्याचा धोका असतो. हे टाळणे हा या संशोधनाचा मूळ हेतू आहे.

जपानमध्ये योशिनोरी कुवाबारा यांच्या गटाने १९९० च्या दशकात शेळीचे गर्भ अशा रीतीने काही आठवडे जगवले. २०१७ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली पार्ट्रिज, ॲलन फ्लेक व सहकाऱ्यांनी मेंढीचे गर्भ चार आठवड्यांपर्यंत वाढवले. गर्भ पारदर्शक, बंद पिशवीत ठेवतात. तिच्यातून निर्जंतुक क्षारद्रव सतत वाहता राहतो. नाळेतील रक्तवाहिन्या ऑक्सिजनेटरला जोडतात. तेथे रक्तात प्राणवायू मिसळतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. बाहेरचा पंप नसतो, रक्त गर्भाचे हृदयच ढकलते. त्यामुळे कोवळ्या हृदयावर पंपाच्या दाबाचा ताण येत नाही. पोषणद्रव्ये थेट रक्तात सोडतात. पिशवीतल्या कोकरांनी डोळे उघडले, हालचाल केली, त्यांच्या अंगावर लोकर आली.

हे यश जसेच्या तसे माणसाला लागू होत नाही. त्याच टप्प्यावरचा मानवी गर्भ आकाराने बराच लहान असतो आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती अधिक असते. मानवी चाचण्यांच्या प्रश्नावर अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये चर्चा केली. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतची सारी वाढ यंत्रात घडवणे हे या संशोधनाचे उद्दिष्ट नाही.