शिशाच्या खिळ्यापासून मोबाइलच्या फाँटपर्यंत: मराठी अक्षराची कुळकथा

1805 हे साल मराठी छपाईच्या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यांवर अख्खे पानच कोरलेले होते. त्याच वर्षी बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, तेही देवनागरीत, पण सुट्या खिळ्यांनी. मिरजेचे पान एकदा कोरले की तेवढ्याच मजकुराचे. श्रीरामपूरचा खिळा मात्र छापून झाल्यावर पुन्हा केसमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या पेटीत, जाई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शब्दात बसे. पुढची पावणेदोनशे वर्षे मराठी छापील अक्षराचे रूप या खिळ्याच्या सोयी-गैरसोयीने ठरवले.

श्रीरामपूरचे खिळे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हातचे. पोलादी कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, तो पंच तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसे, कथील, अँटिमनी यांचा रस ओतायचा. देवनागरीच्या एका संचाला असे सुमारे 700 पंच लागत.

एवढे का? बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावाचे नाव जुळवून पाहावे. ध, काना, ड: तीन खिळे आणि काम संपले. ‘बुलढाणा’ म्हटले की पहिल्याच अक्षराच्या पायाशी उकार येतो. ‘मूर्ती’ लिहायचे तर खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते आणि वर-खाली मजले चढवते. हे मजले छोट्या सुट्या तुकड्यांनी बांधायचे, की मात्रा-उकारासह अक्षर एकत्रच ओतायचे? पहिल्या रीतीला छापखान्यात ‘डिग्री’ म्हणत, दुसरीला ‘अखंड’. डिग्रीत खिळे कमी, पण जुळवणी किचकट आणि मात्रा निसटण्याची भीती. अखंडात ओळ देखणी, पण केस अवाढव्य.

कोरणाऱ्याची कसोटी आणखी बारीक होती. ‘ध’च्या डोक्यावरची रेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट अरुंद राहिली, तर लहान टाइपात शाई भरून धाडचे ‘घाड’ व्हायचे.

मुंबईत सुरुवातीला शिळाछापाचा जोर होता. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते शिळेवरच. लेखकूचे वळण त्यात जसेच्या तसे उतरे. खिळ्यांना तशी सफाई आली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. तिथे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळे घडवले. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फाऊंड्री काढली आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. त्यांचे पंच राणोजी रावजी आरू यांनी कापले. भरीव, गोलसर, बोरूच्या जाड-बारीक फटकाऱ्यांचे हे अक्षर संस्कृत ग्रंथांबरोबर देशभर गेले. बोरूची चोच रोमन लेखणीच्या उलट बाजूने तिरपी कापलेली, म्हणून देवनागरीत जाडीही उलट दिशेने पडते. आरूंनी ती पोलादात पकडली. अ, झ, ण यांची ‘मुंबई वळणा’ची रूपे आज हिंदीतही रुळली आहेत. कलकत्ता वळणाचे ते जुने अ, झ आता जुन्या पोथ्यांत शोधावे लागतात.

मग वेगाची घाई आली. दैनिकाला 700 खिळ्यांची केस परवडेना. टिळकांनी ‘केसरी’साठी छाटणी सुरू केली, त्यातून 190 खिळ्यांचा ‘टिळक फाँट’ झाला. सावरकरांनी अ ची बाराखडी पुढे केली: इ, उ, ए यांऐवजी अि, अु, अे. ओळच्या ओळ ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे साच्यांच्या पेटीत, कप्पेच 90, त्यामुळे उकार अक्षराखालून सरकून बाजूला येऊन बसले. यंत्राला जमेना म्हणून लिपीला मुरड घालायची, हाच त्या काळचा शिरस्ता.

संगणकाने तो मोडला. खिळ्यांची संख्या ही अडचणच उरली नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने भारतीय लिप्यांसाठी प्रणाली बनवल्या, मुंबईत र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट रेखला आणि तो विंडोजसोबत घरोघरी गेला. खिळ्यांच्या छाटणीत गेलेली जोडाक्षरे परत आली.

राहिला ‘बुलढाणा’तला ल. मराठी ‘ल’ला दोन गोल पाकळ्या, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभी दांडी. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठी वर्णमालेतील ल आणि श यांची रूपे ठरवून दिली, तरी बऱ्याच फोनवर दांडीचाच ल उमटतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच. रूप फाँटने निवडायचे असते. काही नव्या फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की पाकळ्यांचा ल आपोआप येतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे फाँट तर खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. धाडच्या लग्नपत्रिकेला किंवा फ्लेक्सला ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.