एल्व्हा नदी समुद्राला परत मिळाली

आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं धरणं, कालवे आणि पाणीपट्टी यातच गेली. त्यामुळे सिॲटलला आमच्याकडे आल्यावर त्यांना काय दाखवावं, हा प्रश्न फारसा पडला नाही. "बाबा, इथून तीनेक तासांवर दोन धरणं होती, ती बघायला जाऊ या," मी म्हटलं.

"होती म्हणजे?"

"पाडली."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, धरण कधी कोणी पाडतं का?"

तर त्या पाडलेल्या धरणांची ही गोष्ट.

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला ऑलिंपिक पर्वतरांगा आहेत. तिथून निघणारी एल्व्हा नदी जेमतेम ४५ मैल वाहून पोर्ट एंजलिस गावाजवळ समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर कॅनडा. नदीच्या मुखाशी क्लॅलम लोकांची पिढ्यान् पिढ्या वस्ती. त्यांचं सगळं आयुष्य सामन माशावर. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत वर चढतो. आपल्या कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ना, तसाच प्रकार. फक्त इथला एकेक मासा लहान मुलाएवढा. एल्व्हात वर्षाला चार लाखांच्या आसपास सामन येत असावेत, असा अंदाज आहे.

थॉमस ऑल्डवेल नावाचे गृहस्थ १८९० मध्ये पोर्ट एंजलिसला आले. गावाला वीज हवी, गिरण्या हव्यात, म्हणून त्यांनी धरणाचा घाट घातला. १९१० मध्ये काम सुरू झालं. माशांची वाट अडवू नये, असा राज्याचा कायदा तेव्हाही होता, पण तो गुंडाळून ठेवला गेला. पाया खडकापर्यंत नेलाच नाही, त्यामुळे ऑक्टोबर १९१२ मध्ये धरणाखालची रेती वाहून गेली आणि पाणी खालच्या वस्तीत घुसलं. भोक बुजवून १९१३ मध्ये एल्व्हा धरण पुरं झालं. उंची १०८ फूट, समुद्रापासून पाच मैलांवर, आणि माशांना चढायला एक पायरीसुद्धा नाही! बदल्यात मत्स्यबीज केंद्र काढलं, ते १९२२ मध्ये बंद पडलं. १९२७ मध्ये वरच्या अंगाला २१० फुटी ग्लाइन्स कॅनियन धरण उभं राहिलं.

माशांचं काय झालं ते सांगायला नको. लाखांवरून संख्या काही हजारांवर आली. पण समुद्राचं काय झालं, हे फार उशिरा लक्षात आलं. नदी समुद्राला नुसतं पाणी देत नाही. वाळू, माती आणि लाकूडफाटाही देते. ते सगळं धरणांमागे अडकलं. सुमारे दोन कोटी दहा लाख घनमीटर गाळ! तिकडे मुखाजवळचा किनारा मात्र खचत राहिला. वाळू गेली, गोटे उरले. शिंपल्यांच्या जागा गेल्या. क्लॅलम म्हातारी माणसं हे वर्षानुवर्षं सांगत होती. ऐकायला कोणी नव्हतं.

हे लोक गप्प बसले नाहीत. १८५५ च्या तहात मासेमारीचा हक्क कबूल झाला होता, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. धरणांच्या परवान्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी हरकत घेतली. अखेर १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. प्रत्यक्ष तोडफोड सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाली. मार्च २०१२ मध्ये खालचं धरण गेलं, ऑगस्ट २०१४ मध्ये वरचं. तळं ओसरल्यावर क्लॅलम लोकांच्या उत्पत्तिकथेतला पवित्र खडक शंभर वर्षांनी उघडा पडला.

मग गाळ निघाला. पहिली दोन-तीन वर्षं समुद्र चहासारखा गढूळ. केल्प नावाच्या उंच समुद्रशेवाळाची जंगलं तिथे होती. उजेड मिळेना, तशी ती विरळ झाली. "बघा, आम्ही सांगत होतो," असं म्हणणारेही निघाले. पण पाणी निवळलं आणि २०१५ पासून केल्प पुन्हा वाढू लागलं. जिथे खडकावर वाळूचा थर बसला तिथे ते आलं नाही. तिथे वाळूत राहणारे जीव आले. खेकड्यांची पिल्लं आली. वाळूत घुसून बसणारे काडीसारखे मासे आले, ज्यांच्यावर मोठे मासे आणि समुद्रपक्षी जगतात. मुखाशी किनारा शेकडो फूट पुढे सरकला आणि नव्या डबक्यांत सामनची पिल्लं वाढू लागली.

सामन भराभर वाढले असं मात्र नाही. वर्षानुवर्षं मासेमारी बंद ठेवावी लागली. २०२३ च्या शरद ऋतूत क्लॅलम लोकांनी प्रथमच, तेही घरापुरते आणि विधीपुरते, कोहो जातीचे सामन धरले. शंभर वर्षांच्या नुकसानीपुढे ही मूठभरच परतफेड. पण सुरुवात झाली.

आम्ही मुखाशी पोचलो तेव्हा ओहोटी होती. बाबा वाकले, मूठभर वाळू उचलून बोटांत चोळत बराच वेळ उभे राहिले.

"आम्हीसुद्धा गाळाचा हिशेब करायचो," ते म्हणाले. "मृत साठा धरायचो. किती वर्षांत धरण भरेल, एवढंच बघायचो. पुढे समुद्र त्याची वाट बघत असेल, हा रकानाच नव्हता आमच्या वहीत."

धरणं चूक, असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. आमच्या गावच्या शेतात पाणी आलं ते धरणामुळेच, आणि माझं शिक्षण झालं ते त्याच खात्याच्या पगारावर. पण परत निघताना बाबांनी ती वाळू टाकली नाही. रुमालात बांधली आणि पुण्याला घेऊन गेले.